सहा केबीतल्या सासूबाई

जगात कोणती गोष्ट नसली तरी चालते, हे आमच्या साडूभाऊंइतकं पक्कं ठाऊक असलेला माणूस तापीच्या दोन्ही काठांवर दुसरा झाला नाही. माझी बायको धाकटी, तिची थोरली बहीण म्हणजे अक्का, आणि अक्काचे यजमान ते हे साडूभाऊ. राहायला धुळ्यात, पांझरेपलीकडे देवपुरात. मी जळगावला पाइपांच्या एका कारखान्यात कारकून. ते आमच्याकडे चार दिवसांच्या मुक्कामाला यायचे ते शर्टाच्या खिशात दात घासायचा ब्रश आणि एक फ्लॉपी एवढ्याच सामानानिशी. टॉवेल तुमच्याकडे असतो, साबण असतो, लुंगीही असते, मग धुळ्याहून ओढत आणायची कशाला, असं त्यांचं म्हणणं. एकदा मी थट्टेनं विचारलं, मग ब्रश तरी कशाला आणता, तर ते खरोखर विचारात पडले आणि पुढच्या खेपेला ब्रशाची अर्धी दांडी कापून आले. लग्नाला ते अक्षता पडायच्या वेळी हजर होत, जेवत आणि निघत. हळद, वरात, मानपान हे सगळं काढून टाकलं तरी लग्न लागतंच, हे त्यांनी एकदा एका वरबापालाच मांडवात उभं करून समजावलं होतं. त्या घरातून पुढं आम्हा दोघांनाही कधी आमंत्रण आलं नाही.

गंमत अशी, की हा माणूस आधी नेमका उलटा होता. ऐंशीच्या सुमारास देवपुरात त्यांचा फोटो स्टुडिओ होता आणि फोटो मोठा करून देण्यात त्यांचा हात धरणारा कोणी नव्हता. घरातलं म्हातारं माणूस गेलं, की आमच्याकडे पहिली धावपळ त्याच्या फोटोची होते, कारण जिवंतपणी त्याला एकट्याला कोणी कॅमेऱ्यासमोर बसवलेलं नसतं. मग कुठल्या तरी लग्नाचा ग्रुप फोटो निघतो, त्यात तिसऱ्या रांगेत बोटाच्या पेराएवढे आबा सापडतात, आणि तो फोटो रुमालात गुंडाळून मंडळी साडूभाऊंकडे येतात. साडूभाऊ त्या आबांना रांगेतून उचलत, भिंतीवर मावतील एवढे मोठे करत आणि ब्रशानं त्यांच्या अंगावर कोट चढवत. ज्यांनी उभ्या आयुष्यात बंडीवर काही घातलं नाही असे कितीतरी म्हातारे आज खान्देशातल्या भिंतींवर कोट-टाय घालून बसले आहेत, ती सगळी साडूभाऊंची कृपा. पारोळ्याच्या एका आबांचा तर फोटोत अर्धाच चेहरा होता, उरलेला अर्धा पुढच्या माणसाच्या फेट्यामागे गेला होता. साडूभाऊंनी तो अर्धा आपल्या मनानं काढून दिला. घरच्यांनी तो पाहिला, रडले आणि वर्षभरात त्यांना आबा तसेच आठवायला लागले. माणूस मेला तरी लहान राहता कामा नये, असं साडूभाऊंचं तेव्हाचं तत्त्व होतं.

मग नव्वद साल मागं पडलं, रंगीत फोटो धुणारी यंत्रं गल्लोगल्ली आली, निगेटिव्हवर पेन्सिल चालवणाऱ्या माणसाची कोणाला गरज उरली नाही, आणि साडूभाऊंनी स्टुडिओच्या डार्करूममध्ये कॉम्प्युटर आणि स्कॅनर आणून बसवले. आपल्याला बुडवायला निघालेल्या यंत्रापेक्षा नवं यंत्र घेऊन आपणच तरावं, असा त्यांचा हिशेब. शतक संपायला दोन-तीन वर्षं उरली होती आणि इंटरनेट नावाचं काहीतरी फोनच्या तारेतून धुळ्यापर्यंत येऊन पोचलं होतं. त्यांचं पहिलं गिऱ्हाईक मी नेऊन दिलं. रावेरकडचे माझ्या ओळखीचे एक केळीबागाईतदार होते, त्यांच्या पुतण्यानं पुण्यात बसून केळीच्या धंद्यासाठी वेबपेज उभारलं होतं आणि त्याला बागेचे फोटो हवे होते. साडूभाऊंनी बागेत जाऊन, बागाईतदारांना मधोमध उभं करून फोटो काढला, स्कॅन केला आणि त्यांच्या सवयीप्रमाणे भरपूर मोठा केला. ती फाईल फ्लॉपीत मावेना. फोननं पाठवायला घेतली तर एक चहा झाला, दुसरा झाला, पोहे झाले आणि शेवटी घरून कोणीतरी फोन उचलला म्हणून लाईनच तुटली. असं तीनदा झाल्यावर अक्कानं पुढचे पोहे करायला साफ नकार दिला.

तेव्हा साडूभाऊंना पहिल्यांदा कळलं, की एकच फोटो वेगवेगळ्या प्रकारे साठवता येतो आणि काही प्रकारांत तो अगदी आकसून बसतो. त्यांनी उत्साहाच्या भरात त्या बागेची जीआयएफ फाईल केली आणि रंग कमी केले की फाईल लहान होते हे लक्षात आल्यावर सोळा रंग ठेवून बाकीचे काढून टाकले. फाईल भुर्रकन पुण्याला गेली. आता बागेतल्या हिरव्यात शंभर छटा, त्या सोळांत कशा बसणार? कॉम्प्युटरनं आपल्या बुद्धीप्रमाणे हिरव्यावर पिवळे आणि तपकिरी ठिपके मारून वेळ निभावली. दुसऱ्या दिवशी बागाईतदारांना पुतण्याचा घाबराघुबरा फोन, की काका, बागेवर करपा कधी पडला? मग दोन व्यापाऱ्यांचे फोन. करपा म्हणजे केळीच्या पानांवरचा रोग, त्याचं नुसतं नाव काढलं तरी रावेरकडे माणसं उठून उभी राहतात. बागाईतदार एक सबंध केळीचं पान मोटारसायकलला आडवं बांधून धुळ्याला आले, ते साडूभाऊंच्या टेबलावर पसरलं आणि शांतपणे म्हणाले, की हे बघा माझं पान, आता तुमचं दाखवा. साडूभाऊंनी पडद्यावरचं पान दाखवलं. बागाईतदारांच्या स्वतःच्या गालावरही तिथं करपा पडलेला होता.

त्या दिवसापासून साडूभाऊ या विद्येच्या मागे हात धुऊन लागले. महिनाभरात त्यांना सगळं उमगलं. फोटो असेल तर जेपीजी, पाटी किंवा चित्र असेल तर जीआयएफ, आणि बीएमपी ही अवाढव्य फाईल शत्रूलासुद्धा पाठवू नये, हे ते वैद्यानं पथ्य सांगावं तसं येणाऱ्याजाणाऱ्याला सांगू लागले. जेपीजी करताना कॉम्प्युटर फोटोतलं थोडं थोडं काढून टाकतो, पण नेमकं तेवढंच, जे माणसाच्या नजरेला जाणवत नाही, ही गोष्ट त्यांच्या मनाला फारच भिडली. पन्नास वर्षांचा माणूस, पण एखाद्याला दीक्षा मिळावी तसे ते बदलले. "डोयाले समजत नही ते फेकी देवानं," हे त्यांचं वाक्य तेव्हापासूनचं, आणि डोळ्याला समजत नाही असं काय काय आहे याची त्यांची यादी रोज वाढत गेली. ब्रशाची दांडी त्यातच गेली. घरातल्या सहा खुर्च्यांपैकी चार गेल्या, कारण माणसं दोन. भाषणाला उभं केलं तर ते नमस्कार म्हणून खाली बसत. मी त्यांना पोस्टकार्ड लिहिलं, की तेच कार्ड तांबड्या शाईनं काटछाट होऊन परत यायचं, आणि खाली शेरा, की एवढ्यात भागलं असतं. खरं सांगायचं तर बहुतेक वेळा भागलं असतं.

पण तत्त्वाला मोठं काम लागतं आणि साडूभाऊंना ते मिळालं. त्यांनी ठरवलं, की आपण खान्देशातल्या चेहऱ्यांचं एक वेबपेज करायचं. वीस वर्षांत स्टुडिओच्या स्टुलावर जे जे बसले ते सगळे त्यात. हमाल, मास्तर, नवरदेव, पैलवान, सगळे एकाच मापाचे, पोस्टाच्या तिकिटापेक्षा जरा मोठे, प्रत्येकाला जास्तीत जास्त सहा केबी, म्हणजे एका फ्लॉपीत दोनशे माणसं मावतील एवढी जागा. अमेरिकेत कोणी बटण दाबलं, की त्याच्यासमोर धुळे जिल्हा चहा निवायच्या आत उघडला पाहिजे. वर्षभर ते प्रिंट काढत होते, स्कॅन करत होते आणि फायली आवळत होते. मोठी फाईल आवळून झाली, की मूळची पुसून टाकत, कारण कॉम्प्युटरात जागा नव्हती आणि मोठी फाईल म्हणजे त्यांच्या मते नुसता भुसा. मग त्यांची नजर निगेटिव्हच्या पोत्यांवर गेली. जुन्या काळ्यापांढऱ्या फिल्ममध्ये चांदी असते, आणि जळगावच्या सराफ बाजारामागे एक माणूस जुने एक्स-रे आणि निगेटिव्ह घेऊन त्यातली चांदी काढतो, हे त्यांना ठाऊक होतं. धुळ्याहून एसटीवर टाकून आणलेली पोती स्टँडवरून रिक्षात घालून मीच त्यांच्याबरोबर गेलो. त्यांनी पैसे घेतले नाहीत, चांदीच घेतली, आणि तिची अक्कासाठी जोडवी करवली. वीस वर्षांत त्यांनी बायकोसाठी स्वतःहून आणलेला तो पहिलाच दागिना. अक्का आठवडाभर जोडवी वाजावीत म्हणून पाय आपटत चालत होती.

आता सासूबाईंबद्दल सांगायला हवं, कारण पुढचं सगळं त्यांच्यापाशीच येऊन थांबतं. सासूबाई पारोळ्याच्या. बाई करारी, त्या बैठकीत आल्या, की जावईसुद्धा पाय खाली सोडून बसत. फोटो काढून घ्यायच्या त्या पक्क्या विरोधात होत्या. साडूभाऊ अक्काला बघायला गेले तेव्हा गळ्यात कॅमेरा घालून गेले होते, आणि मुलगी पसंत आहे हे सांगायच्या आधी त्यांनी मुलीच्या आईला फोटोसाठी बसा म्हटलं. मुलगा हातचा जाईल या भीतीनं सासूबाई बसल्या, पण चेहऱ्यावर राग तसाच ठेवून. त्यांचा उभ्या आयुष्यातला तो एकच फोटो. त्या गेल्या तेव्हा तोच मोठा करून साडूभाऊंनी पारोळ्याच्या बैठकीत लावला, आणि कौतुकाची गोष्ट म्हणजे कोट, शालू, हार काहीही न घालता लावला. वेबपेजच्या कामात, स्टुडिओच्या स्टुलावर कधी न बसलेल्या सासूबाईही आल्याच. त्या दिवशी साडूभाऊंनी मला मुद्दाम जळगावला फोन करून सांगितलं, की ज्या बाईपुढं सगळं पारोळं लहान झालं तिला मी सहा केबीत बसवली. आम्ही दोघंही जावई पोट धरून हसलो. मला ते हसणं अजून आठवतं आणि बरं वाटत नाही.

दुसऱ्या वर्षी माझ्या मेहुण्यानं, म्हणजे पारोळ्याच्या घरी राहणाऱ्या या दोघींच्या भावानं, भिंतींना रंग द्यायला तसबिरी उतरवल्या, तर आईच्या तसबिरीत वाळवी. काच तेवढी शाबूत, आत नुसता चुरा. सासूबाईंचं पुण्यस्मरण महिना-दीड महिन्यावर आलं होतं. तरी कोणी फार हळहळलं नाही, कारण मोठा जावई फोटोवाला. निगेटिव्ह त्याच्याकडे, दुसरा काढून देईल. मी आणि बायको ते सांगायला देवपूरला गेलो. साडूभाऊंनी ऐकून घेतलं, पाणी प्यायले आणि म्हणाले, की निगेटिव्ह नाही. मग म्हणाले, की मोठी फाईलही नाही. सहा केबीची आहे. आपण चांदी काढणाऱ्याकडे गेलो होतो त्याची त्यांनी मला अगदी हळू आवाजात आठवण करून दिली. माझी बायको रडायला लागली. अक्का रडली नाही. ती आपल्या पायांतल्या जोडव्यांकडे बघत राहिली आणि म्हणाली, "म्हंजे माय मन्या पायमा शे का?" अक्का खाली बसली, दोन्ही पायांतली जोडवी तिनं काढली, पदरानं पुसली आणि देव्हाऱ्यात नेऊन ठेवली. त्यानंतर तिनं ती पायात कधीच घातली नाही.

पुढचा महिना साडूभाऊंचा कसा गेला ते मी पाहिलं आहे. वीस वर्षं लोकांचे आजोबा मोठे करणाऱ्या माणसानं ती सहा केबीची सासू मोठी करायला घेतली, आणि ती मोठी होईना. वाढवली, की चौकोन व्हायचे. डोळ्याच्या जागी चार करडे चौकोन, कपाळावर एक काळा, नाकाच्या जागी तर काय आहे तेच समजेना. कॉम्प्युटरनं जे टाकून दिलं होतं ते कुठंच नव्हतं, ते परत मागायचीही सोय नव्हती. शेवटी त्यांनी यंत्र बंद केलं, प्रिंटवर पेन्सिल चालवायला घेतली आणि दोघी बहिणींना समोर बसवून विचारत विचारत चेहरा काढू लागले. आईच्या भुवया जुळलेल्या होत्या का? अक्का म्हणे होत्या, माझी बायको म्हणे नव्हत्या. तीळ डावीकडे की उजवीकडे यावरून तर दोघी दोन दिवस बोलत नव्हत्या. ज्या आईच्या कुशीत वाढलो तिची भुवई आपल्याला आठवत नाही, या गोष्टीचा धक्का दोघींना साडूभाऊंच्या अपराधापेक्षा मोठा बसला असावा. पंधरवड्यानं चित्र तयार झालं. सुरेख होतं. त्यातली बाई किंचित हसल्यासारखी दिसत होती, कारण साडूभाऊंच्या हातून चेहरे तसेच उतरायचे. अक्कानं ते बराच वेळ बघितलं. "बाई बरी शे," ती म्हणाली, "पन ही कोनी माय शे?" कोणाची तरी आई ती होती, त्यांची नव्हती.

पुण्यस्मरणाच्या दिवशी साडूभाऊ पारोळ्याला वर्तमानपत्रात गुंडाळलेली मोठी तसबीर काखेत घालून आले. उघडली तर आत ते पेन्सिलीचं चित्र नव्हतंच. नाशिकहून त्यांनी त्या सहा केबीचा जसाच्या तसा मोठा प्रिंट काढून आणला होता. सगळे चौकोन, काळे, पांढरे, करडे. मेहुण्याचा चेहरा उतरला. भावकीतल्या बायका जवळ जाऊन निरखायच्या आणि एकमेकींकडे बघायच्या. कोणीतरी दबक्या आवाजात म्हणालं, की ही काय फरशी लावली का? मी साडूभाऊंना बाजूला घेऊन विचारलं, की ते दुसरं का नाही आणलं, निदान बाईसारखं तरी दिसत होतं. ते भिंतीकडे बघत म्हणाले, "ते मी काढेल व्हतं, साडू. यामा मनं काहीच नही. जे शे ते बठ्ठं तिनं शे." यात माझं काही नाही, आहे ते सगळं तिचं, हे पारोळ्याच्या आबांना अर्धा चेहरा बहाल करणारा माणूस बोलत होता.

तेवढ्यात सासूबाईंची धाकटी बहीण आली. मावशींचं वय झालेलं, दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. फोटोचं हे रामायण त्यांना कोणी सांगितलेलंच नव्हतं. बैठक लांबलचक, तसबीर पार समोरच्या भिंतीला, आणि मावशी दारातच चप्पल काढत होत्या. चप्पल काढून त्यांनी मान वर केली आणि तिथंच थबकल्या. दोघी बहिणींत मावशी धाकट्या, त्यामुळे जन्मभर थोरलीचा धाक. आताही त्यांनी घाईघाईनं डोक्यावर पदर घेतला, आणि समोरच्या भिंतीला दटावणीच्या, पण रडवेल्या सुरात म्हणाल्या, "अशी काय देखी ऱ्हायनी वं माले? येस ना मी."

अशी काय बघतेस, येते ना मी, असं त्या म्हातारीनं आपल्या बहिणीला इतकं सहज सांगितलं होतं, की माझी बायको उठली आणि मावशींजवळ दारात जाऊन उभी राहिली. तिनं तिथून भिंतीकडे पाहिलं आणि पदर तोंडाला लावला. मग अक्का गेली. मग मी गेलो. जवळून जे चौकोन होते ते दारातून बघताना एकमेकांत मिसळले होते, आणि आमच्या सासूबाई जावई हातचा जाईल या भीतीनं बसलेल्या, रागानं आमच्याकडे बघत होत्या. भुवया जुळलेल्या होत्या की नव्हत्या, ते मात्र दारातूनही कळलं नाही. तो वाद अजून मिटलेला नाही.

त्याला आता पुष्कळ वर्षं झाली. साडूभाऊंचं वेबपेज चार-दोन वर्षं चाललं आणि एक दिवस आपोआप बंद पडलं. ते स्वतः मात्र पार बदलले. काही टाकत नाहीत. एसटीची तिकिटं, लग्नपत्रिका, माझी पोस्टकार्डं, सगळं खोक्यांतून भरून ठेवतात, आणि अक्का त्या ढिगाऱ्यातून वाट काढताना त्यांचंच जुनं वाक्य त्यांना ऐकवते. सासूबाईंची सहा केबीची फाईल त्यांनी कितीतरी फ्लॉप्यांवर उतरवून एकेक नात्यात वाटली. माझी माझ्या कपाटात आहे. ती वाचणारं यंत्र आता सबंध जळगावात मिळेल असं वाटत नाही, पण टाकवत नाही. पारोळ्याला पुण्यस्मरणाला आम्ही अजून जमतो. मेहुणा दरवेळी आग्रह करतो, की मोठे जावई, आत येऊन पंख्याखाली बसा. साडूभाऊ आत येत नाहीत. दारातच खुर्ची मागून घेतात, भिंतीकडे तोंड करून बसतात, आणि कोणी विचारलं तर इथं वारा बरा येतो म्हणून सांगतात.